कच्चा मासा आणि यकृतातला कृमी

जबलपुरात मासा शिजवूनच पानात येतो, त्यामुळे कच्च्या माशातून होणारा यकृतकृमी इथल्या डॉक्टरांच्या चटकन ध्यानात येईलच असे नाही. थायलंड, व्हिएतनाम, कोरिया किंवा चीनमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाल्ला असेल, तर ते आपणहून सांगा. गोष्ट दहा वर्षांपूर्वीची असली तरी. क्लोनॉर्किस हा यकृतकृमी पित्तनलिकेत २५ वर्षेही तग धरतो. त्याची पहिली नोंद भारतातलीच: १८७५ साली मॅककॉनेल या डॉक्टरांनी कोलकात्यात एका चिनी माणसाच्या शवविच्छेदनावरून केलेली.

निदानाचा पाया म्हणजे शौचाची तपासणी. अंडी जेमतेम ३० मायक्रॉनची, एका नमुन्यात सहज हुकतात. म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यावेत, कंटाळू नये. संसर्गानंतर पहिले साधारण ४ आठवडे तर अंडी दिसतच नाहीत. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढणे, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेल्या दिसणे यांनी संशय बळावतो, पण तो पुरावा नव्हे.

गुरांमधला फॅसिओला हा यकृतकृमी वेगळा. तो माणसात कच्च्या पाणवनस्पतींवाटे येतो आणि त्याची अंडी चौपटीहून मोठी असतात. रिपोर्टमध्ये कृमीचे नाव स्पष्ट हवेच: प्राझिक्वान्टेल क्लोनॉर्किसवर उत्तम चालते, फॅसिओलाला मात्र ट्रायक्लाबेंडाझोल लागते.