गोल कोणी खाल्ला?

२२ जानेवारी २०२३ च्या रविवारी भुवनेश्वर येथे विश्वचषक हॉकी स्पर्धेत न्यूझीलंडने भारताला नमविले. भारताची आघाडी एके वेळी ३-१ अशी होती. ती टिकली नाही, सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये ५-४ अशा फरकाने यजमान संघ स्पर्धेबाहेर फेकला गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयातील अध्यापक-कक्षात पहिल्या तासापूर्वी जी चर्चा रंगली, ती बुलढाण्याप्रमाणेच चिखली, मेहकर, खामगाव येथील कचेऱ्यांतून आणि चहाच्या टपऱ्यांवरूनही रंगली असणार. विषय एकच होता : श्रीजेश थकला काय? शूटआउटमध्ये जखमी होऊन तो बाहेर गेला नसता तर? त्याच्या जागी आलेला कृष्ण पाठक कमी पडला काय?

दोन गोलांची आघाडी हातची घालविणारी बचावफळी, वाया गेलेले पेनल्टी कॉर्नर, शूटआउटमध्ये गोलरक्षकाला चकविता न आलेले आपले आघाडीवीर, यांच्यापैकी एकाचेही नाव त्या चर्चेत निघाले नाही. वीस-पंचवीस मिनिटांच्या वादात दोनच नावे होती आणि ती दोन्ही गोलरक्षकांची होती. मग इतिहास शिकविणारे आमचे ज्येष्ठ सहकारी चाळीस वर्षे मागे गेले आणि १९८२ चा विषय निघाला. चहा घेऊन आलेला उपाहारगृहातील तरुण त्या साली जन्मलाही नव्हता. पण कपबशा मांडता मांडता त्याने निकाल देऊन टाकला : "सात गोल खाल्ले होते म्हंते न सर त्या नेगीनं! पैसे खाल्ल्याबिगर सात गोल खाते काय कोनी?"

सर्वजण हसले. प्रस्तुत लेखकही हसला, हे नमूद केले पाहिजे. परंतु ते वाक्य डोक्यातून गेले नाही. आपल्या भाषेत गोल 'करणारा' वेगळा असतो आणि गोल 'खाणारा' वेगळा. चेंडू दहा जणांना ओलांडून आलेला असतो, तरी खातो तो एकटा अकरावा. आणि पैसे खाणे, लाच खाणे, यांसाठीही आपल्यापाशी हेच क्रियापद आहे. खाल्लेल्या गोलापासून खाल्लेल्या पैशापर्यंतचे अंतर भाषेनेच इतके तोडून ठेवले आहे की, ते ओलांडताना पुराव्याची गरज कोणाला वाटत नाही.

मूळ घटना काय होती? १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर नवव्या आशियाई क्रीडास्पर्धेचा हॉकीचा अंतिम सामना झाला. समोर पाकिस्तान होता. पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत होत्या. त्याच वर्षी देशात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली होती. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य घरांत मात्र कान रेडिओलाच लागलेले होते. पहिला गोल भारताने केला. त्यानंतरचे सात पाकिस्तानने केले. गोलजाळ्यात उभा होता मीर रंजन नेगी. पुढे भारतीय संघात त्याला स्थान मिळाले नाही. पाकिस्तानकडून पैसे घेऊन त्याने सामना विकला, अशी बोलवा उठली आणि ती देशभर पसरली. तो आरोप कधीही सिद्ध झाला नाही.

आता काही गोष्टी अशा की, ज्या त्या काळच्या वर्तमानपत्रांतून कोणालाही ठाऊक असावयास हव्या होत्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत विश्वचषक स्पर्धा झाली होती. तिच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरविले. घरच्या मैदानावर खेळणारा भारत पाचवा आला. १९७८ चा विश्वचषकही पाकिस्तानकडेच होता आणि पुढे १९८४ साली लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक सुवर्णपदकही त्यांनीच नेले. समीउल्ला, कलीमुल्ला, हसन सरदार ही आघाडीची फळी त्या काळी जगातील कोणत्याही बचावाला फोडीत होती. ती आणि भारताचा गोल यांच्या मध्ये जे दहा खेळाडू होते त्यांची कामगिरी काय होती, हा प्रश्न चाळीस वर्षांच्या चर्चेत क्वचितच कोणी विचारला.

तांत्रिक बाजूही आहे. त्या काळी हॉकीत ऑफसाइडचा नियम होता, तो नव्वदीच्या दशकात गेला. बचावफळी पुढे रेटावयाची आणि प्रतिस्पर्धी आघाडीवीरांना ऑफसाइडच्या सापळ्यात पकडावयाचे, हा त्या वेळचा प्रचलित डाव. तो साधला तर श्रेय बचावफळीला. फसला तर मोकळ्या मैदानातून चेंडू घेऊन धावत येणारा आघाडीवीर आणि एकटा गोलरक्षक एवढाच सामना उरतो. गोलरक्षकाने पुढे धाव घ्यावी तर 'जागा सोडली' म्हणावयाचे आणि जागेवर थांबावे तर 'नुसता उभा राहिला' म्हणावयाचे. त्यात ही लढत कृत्रिम हिरवळीवरची. माँट्रियलच्या १९७६ च्या ऑलिंपिकपासून हॉकी तिच्यावर गेली होती आणि त्या ऑलिंपिकमध्ये आपण सातवे आलो होतो. गवतावर आणि मुरमावर वाढलेल्या आपल्या खेळाडूंना चेंडूचा तो वेग अद्याप सरावाचा झालेला नव्हता. (याच स्पर्धेत भारतीय महिलांच्या हॉकी संघाने सुवर्णपदक मिळविले. ते किती जणांच्या स्मरणात आहे? आपण पराभव जपून ठेवतो, विजयांची रद्दी करतो.)

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीचा दोष दिसतो. तो हिशेबाचा आहे. आघाडीवीराच्या खात्यात जमेची बाजू असते : गोल झाला की नाव लागते आणि हुकलेल्या दहा संधी विसरल्या जातात. गोलरक्षकाच्या खात्यात खर्चाचेच पान तेवढे असते. अडविलेला चेंडू म्हणजे न घडलेली घटना, आणि न घडलेल्या घटनेची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. बँकेच्या रोखपालाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. वर्षभर पैन् पै जुळली तर कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहत नाही. एका संध्याकाळी पाचशेची तूट आली की सारी शाखा त्याच्या टेबलाभोवती गोळा होते, आणि 'चुकली असेल बेरीज' असे म्हणणारा एक असतो तर 'काय सांगावे बुवा' म्हणणारे चार असतात.

या एकतर्फी हिशेबाचा परिणाम गोलरक्षकाच्या खेळावरच कसा होतो, याचा एक अभ्यास इस्रायलमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केला. तो फुटबॉलविषयी आहे, पण मुद्दा तोच. पेनल्टीच्या २८६ फटक्यांची त्यांनी छाननी केली. सुमारे २९ टक्के फटके गोलच्या मध्यभागी आलेले होते. गोलरक्षक मात्र ९४ टक्के वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेपावले. जागेवर उभे राहणे त्यांच्या अधिक फायद्याचे ठरले असते, असा या आकड्यांचा निष्कर्ष आहे. मग ते उभे का राहत नाहीत? झेप घेऊन गोल झाला तर 'प्रयत्न तरी केला' असे लोक म्हणतात. उभे राहून झाला तर 'हललासुद्धा नाही' म्हणतात. म्हणजे गोलरक्षक चेंडूइतकाच आपल्याविरुद्ध, प्रेक्षकांविरुद्ध खेळत असतो. त्याच्या चुकांवर आपण जी चर्चा करतो, ती पुढच्या चुकीचे एक कारण होऊन बसते.

हा केवळ आपला दोष आहे असेही नाही. १९५० च्या फुटबॉल विश्वचषकात रिओ येथे उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरविले आणि बार्बोसा या गोलरक्षकाला त्याच्या देशाने २००० साली तो मरेपर्यंत क्षमा केली नाही.

उलट बाजूनेही हिशेब तितकाच कच्चा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३ ऑगस्ट २०२१ च्या मंगळवारी बेल्जियमविरुद्ध उपांत्य सामन्यात श्रीजेशच्या गोलात पाच चेंडू गेले आणि गुरुवारी जर्मनीविरुद्ध चार. पण गुरुवारी आपण पाच गोल केले होते आणि अगदी अखेरच्या क्षणी जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर त्याने अडविला. एक्केचाळीस वर्षांनंतर ऑलिंपिक पदक आले आणि त्याची छायाचित्रे घरोघर लागली. तो अडविला तसाच एखादा चेंडू त्याने मंगळवारीही अडविला असेल. तो कोणाला आठवतो? आणि समोरच्या फळीने गुरुवारी पाचऐवजी तीनच गोल केले असते, तर तीच व्यक्ती, तोच खेळ आणि तेच चार गोल घेऊन आपण काय बोललो असतो?

आपल्या विदर्भालाही या बाबतीत फारसे अभिमानाने बोलता येणार नाही. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. ते २९ गोल म्हणजे ध्यानचंद, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते शून्य ज्याचे, तो रिचर्ड अ‍ॅलन नागपुरात जन्मला होता. त्याचे नाव आपल्या किती क्रीडाशिक्षकांना सांगता येईल? मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शंकर लक्ष्मण १९५६ ते १९६४ या काळात तीन ऑलिंपिक खेळले आणि १९६६ च्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. २००६ साली महू येथे ते वारले, तेव्हा त्यांच्या अखेरच्या दिवसांतील हलाखीच्या बातम्या वाचून आपण हळहळलो, तेवढेच.

१९६६ नंतर आशियाई सुवर्णपदकासाठी ३२ वर्षे थांबावे लागले. १९९८ साली बँकॉकला ते आले, ते कोरियाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे गोलरक्षकाच्या हातून. तो गोलरक्षक आशिष बल्लाळ. आणि त्या संघाच्या गोलरक्षकांना तयार करणारा प्रशिक्षक होता मीर रंजन नेगी. याहून चोख परतफेड कोणती असू शकते? तरी परतल्यावर कर्णधार धनराज पिल्लेसह त्या विजयी संघातील अनेकांना वगळण्यात आले आणि त्यांत बल्लाळही होता. पुढे २००७ साली 'चक दे इंडिया' हा चित्रपट आला आणि नेगीच्या कहाणीची देशाला नव्याने ओळख झाली. चित्रपटातील मुलींना हॉकी शिकविण्याचे कामही त्याने केले. परंतु पडद्यावर कलंक लागतो तो पेनल्टी स्ट्रोक हुकलेल्या आघाडीच्या खेळाडूला. नायकाच्या अंगावर गोलरक्षकाचे पॅड चढविणे पटकथेलाही जड गेले असावे.

हे सारे लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला कितपत आहे, हा प्रश्न उरतो. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या हॉकी संघाबरोबर प्रभारी म्हणून जाण्याचे काम माझ्याकडे आले होते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आम्ही ४-० असे हरलो. गोलरक्षक होता चिखली तालुक्यातील एका खेड्यातून येणारा, द्वितीय वर्षाचा एक अबोल विद्यार्थी. पॅड जिमखान्याचे, त्यांचे पट्टे तुटलेले; ते त्याने सुतळीने बांधले होते. परतीच्या एस. टी. त पोरे त्याच्या नावाने ओरडत होती. मी त्यांना गप्प करावयास हवे होते. त्याऐवजी मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तिसरा तरी अडवता आला असता रे." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पॅड नीट घडी करून जिमखान्याच्या फळीवर ठेवलेले होते. तो पुन्हा मैदानावर आला नाही आणि त्याला बोलावून आणावे, असे मलाही सुचले नाही.

भुवनेश्वरच्या त्या पराभवानंतर महिन्याभराने बसस्थानकावर तो भेटला. आता एका पतसंस्थेत नोकरी करतो. पाया पडला, चहा पाजला. हॉकीचा विषय मीच काढला आणि त्या सामन्याचे नाव घेतले. तो थोडा वेळ ग्लासाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "सर, त्या दिवशी त्यांना अकरा कॉर्नर भेटले होते. अकरातले नऊ म्या अडवले."

मला गोल तेवढे आठवत होते.