देहाची उपजत ढाल

वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही पावसाळ्यातील दुखण्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. खेळताना गुडघे खरचटतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, एकाचा खोकला खोलीतील साऱ्यांना लागतो. विरारच्या दमट हवेत जिवाणू व बुरशी यांना पोषक वातावरणाची वाण नसते. तरीही बहुतेक किरकोळ जखमा विशेष औषधाविना भरून येतात. हे कशामुळे घडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

शरीराची संरक्षणव्यवस्था दोन स्तरांवर काम करते. लसीमुळे जागी होणारी अर्जित प्रतिकारशक्ती शत्रूला ओळखून त्याच्याविरुद्ध नेमके अस्त्र घडवते. पण प्रथमच भेटलेल्या रोगजंतूसाठी त्या तयारीस अनेक दिवस लागतात. तोवर किल्ला लढवते ती उपजत प्रतिकारशक्ती. तिच्या शस्त्रागारातील एक प्राचीन शस्त्र म्हणजे सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे.

प्रथिनांप्रमाणेच पेप्टाइड हीदेखील अमिनो आम्लांची साखळी असते. मात्र ती आखूड असते. संरक्षक पेप्टाइडांत साधारणतः १२ ते ५० दुवे असतात आणि बहुतेकांवर धन विद्युत्भार असतो. जिवाणूंच्या बाह्य पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून ही पेप्टाइडे त्याकडे ओढली जातात, त्याच्या आवरणात शिरतात आणि त्याला छिद्रे पाडतात. आतील द्रव्य बाहेर झिरपून जिवाणू मरतो. आपल्या पेशींचा बाहेरील थर जवळजवळ भाररहित असतो व त्यात कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे योग्य प्रमाणात असलेल्या पेप्टाइडांपासून त्या बव्हंशी सुरक्षित राहतात. आप-पर भाव ओळखण्याची ही किती साधी रीत!

या शोधाची कथाही रंजक आहे. स्वीडनमधील हान्स बोमन यांच्या गटाने १९८१ मध्ये एका पतंगाच्या कोषातून सेक्रोपिन वेगळे केले. १९८५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मानवी पांढऱ्या पेशींतील डिफेन्सिनांचे वर्णन केले. १९८७ मध्ये मायकेल झास्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या त्वचेत २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे शोधली. शस्त्रक्रियेनंतर अस्वच्छ पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत, हे निरीक्षण त्यामागे होते. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना ‘मॅगेनिन’ हे नाव मिळाले.

सस्तन प्राण्यांत अशी पेप्टाइडे जागोजागी आढळतात. गाईच्या श्वासनलिकेत व पांढऱ्या पेशींत ती आहेत. आपल्या घामात डर्मसिडिन असते, तर लहान आतड्यातील पॅनेथ पेशी डिफेन्सिने स्रवतात. माणसात कॅथेलिसिडिन कुळातील एकच पेप्टाइड आहे : एलएल-३७. कोस्टमन आजार या दुर्मीळ जन्मजात विकारात ते नसते. उपचारांनी पांढऱ्या पेशींची संख्या वाढवूनही अशा रुग्णांच्या हिरड्यांचा तीव्र आजार हटत नाही, असे २००२ मध्ये दिसून आले. एका लहानशा साखळीचे मोल यावरून कळावे.

या विषयाचे एक महत्त्वाचे केंद्र आपल्या जवळच आहे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी जगभर आढळलेल्या सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांची ‘कॅम्प’ ही माहितीपेढी उभारली व २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. एखादी नवी साखळी जिवाणूरोधी ठरेल काय, याचा संगणकीय अंदाजही तेथे बांधता येतो.

हे सारे आज महत्त्वाचे ठरते ते प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे. बहुतेक प्रतिजैविके जिवाणूतील एखाद्याच यंत्रणेवर घाव घालतात; ती थोडी बदलली की औषध निष्प्रभ होते. संपूर्ण आवरणाची घडण बदलणे त्यामानाने कठीण असते, अशक्य मात्र नसते. कोलिस्टिन हे जिवाणूंपासूनच मिळालेले पेप्टाइड अखेरचा उपाय म्हणून वापरले जाते. आवरणाचा भार बदलून त्याला दाद न देणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये नोंदले गेले. भारताने २०१९ मध्ये कुक्कुटपालन व पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

पेप्टाइडांपासून औषध घडवणेही सोपे नाही. मॅगेनिनवर आधारित मलमाला अमेरिकी औषध प्रशासनाने १९९९ मध्ये मान्यता नाकारली. तसेच ‘ड’ जीवनसत्त्वामुळे पेशींत एलएल-३७ची निर्मिती वाढते, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. परंतु मंगोलियातील ८,८५१ शाळकरी मुलांवरील चाचणीत त्या जीवनसत्त्वाने क्षयाचा संसर्ग रोखला गेला नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले. प्रयोगशाळेतील आशा आणि रुग्णाला होणारा लाभ यांत अंतर असते. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ प्रत्येक गोळीच्या जाहिरातीला भुलू नये.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे? जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, पाय कोरडे ठेवावेत, लसीकरण वेळेवर करावे. साध्या सर्दीसाठी औषध दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणू नये. ते विषाणूंवर चालत नाही. डॉक्टरांनी दिले असल्यास मात्र सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. जखम लाल होऊन सुजू लागली, पू आला किंवा ताप चढला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. उपजत ढाल मजबूत असली तरी ती अभेद्य नाही. ती पुरी पडत नाही तेव्हा प्रतिजैविकाचाच आधार उरतो. तो आपल्या मुलांसाठी शाबूत ठेवणे आपल्या हाती आहे.