दोन शिरूर

पहाटे 5:15
गजर वाजायच्या आधीच जाग येते आणि क्षणभर वाटतं, आपण हिंगोलीला आपल्याच घरी आहोत. मग स्टँडवर चालू करून ठेवलेल्या एसटीची घरघर ऐकू येते आणि शिरूर आठवतं. जुनी माणसं या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. ही खोली मी आणि माझ्याच भरतीतली एक मैत्रीण, दोघींनी मिळून घेतली आहे. तिची शाळा शिरूर तालुक्यात, मलठणकडे. माझी भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवर. दोघी शिक्षणसेवक. तीन वर्षं मानधनावर काम करायचं, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकचं मानधन 2023च्या जानेवारीपासून 16,000 रुपये झालं; त्याआधी ते 6,000 होतं. तेवढ्यात आधीच्या लोकांनी कसं भागवलं असेल, हा विचार दर महिन्याला भाडं देताना मनात येतो.

सकाळी 6:00
डब्याच्या पोळ्या लाटत असतानाच आईचा फोन येतो. "काय करायलीस?" त्या एका 'करायलीस'मध्ये माझं सगळं गाव असतं. इथे मी 'करतेय' म्हणते. रुजू झाले त्या महिन्यात "लिहायलेत का सगळे?" असं तोंडून गेलं आणि चौथीची पोरं खुदखुदली. तेव्हापासून वर्गात शब्द जपून वापरते.

सकाळी 8:45
स्कूटीवर निघते. जानेवारीचा गारठा हातमोज्यांतूनही बोटांना लागतो. न्हावऱ्यापर्यंत अधूनमधून ज्वारी दिसते. भीमा जवळ आली की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास रस्ताभर सोबत करतो. समोरून वाढ्यांचे भारे घेऊन बायका येत असतात. त्यांचा दिवस पहाटे तीनलाच सुरू झालेला असतो.

सकाळी 10:00
मुलं घोळक्यानेच येतात. एकट्याने यायचं नाही, असं सरांनी पालकांना बजावून ठेवलंय. इकडचे बिबटे उसातच जन्मतात, उसातच वाढतात. फड तुटला की त्यांचाही आसरा मोडतो आणि ते दुसरं रान धरतात. म्हणून तोडणीच्या दिवसांत आम्ही जास्त सावध असतो.

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. परिपाठ संपेपर्यंत ओट्यावर ऊन आलेलं असतं.

सकाळी 11:00
हजेरी. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोन. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पटावरच्या नावांखाली नोव्हेंबरमध्ये नऊ नावं वाढली, ऊसतोडणीच्या कोप्यांवरून आलेल्या मुलांची. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, टोळीत माणसं किती तेही कोयत्यांवरच मोजतात. त्या कोयत्यामागे आलेलं लेकरू त्या हिशेबात कुठेच नसतं. म्हणूनच ते आमच्या हजेरीपटावर असायला हवं. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक दिलं असेल, तर मूल कुठवर शिकलंय तेही कळतं. नऊपैकी चौघांकडे ते होतं.

दुपारी 12:00
चौथीला गुणाकार देऊन तिसरीकडे वळते. पुढच्या रांगेत कोप्यांवरची एक मुलगी बसलेली असते, मांडीवर दीड वर्षाचा भाऊ. आई-बाप फडात गेल्यावर त्याला सांभाळायला दुसरं कोणी नसतं. सुरुवातीला सर म्हणाले, "त्याला घेऊनच येऊ द्या मॅडम, नाहीतर तीही यायची नाही." सतरा वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं हे शहाणपण मला एका वाक्यात मिळालं.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुठं राहता?" मी म्हटलं, "शिरूरला." तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या दिवशी सुटीत ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आमच्या आज्जीला सांगाल का, भाऊ चालायला लागला म्हणून?" मला काही उलगडेना. मग लक्षात आलं. ती बीड जिल्ह्यातल्या शिरूरची, शिरूर कासारची. मी रोज संध्याकाळी तिच्याच गावाला जाते, असं तिने धरलं होतं.

त्या दिवशी फळ्यावर दोन ठिपके काढले, दोन्हींना एकच नाव लिहिलं आणि मध्ये लांब रेघ ओढली. मुळाक्षरांत अडकलेल्या त्या मुलीने पहिला अख्खा शब्द वाचला तो हाच. 'शि' लवकर आलं. अडलं ते 'रू'पाशी. बाकीच्या अक्षरांना उकार पायाशी लागतो, 'र'ला मात्र तो कमरेशी. मी तीनदा गिरवून दाखवलं. ती बघत राहिली, भावाला सावरून घेतलं आणि म्हणाली, "र नं त्याला कडेवर घेतलंय."

तिसरीतलं एकही मूल त्यानंतर 'रू' चुकलेलं नाही. डी.एड.च्या दोन वर्षांत 'रू' शिकवण्याची याहून चांगली रीत मला कोणी सांगितली नव्हती.

दुपारी 1:30
खिचडी. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ शिजतो. आधी आम्ही चव घेऊन नोंदवहीत लिहायचं, मग मुलांच्या पंगती. कोप्यांवरच्या मुलांनी सकाळपासून रात्रीच्या भाकरीवर काढलेलं असतं. धाकट्याचं नाव पटावर नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी आपल्या ताटलीतला घास त्याला भरवतात. जेवणाऱ्यांचा आकडा मी ॲपवर भरते.

दुपारी 2:30
परिसर अभ्यास. नदीपलीकडचं इनामगाव शिरूर तालुक्यातलंच. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. आधी तिथे मोठी चौकोनी घरं होती. शेवटच्या काळात ती जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटलं, शेती पिकेना, आणि लोक गुरं घेऊन फिरते झाले असावेत, असं म. के. ढवळीकरांचं म्हणणं होतं.

गोल झोपडीचं चित्र फळ्यावर काढलं. पाठीमागून आवाज आला, "ही तर कोपी!" पाठोपाठ कोप्यांवरची सगळीच मुलं बोलू लागली. बांबू कसे वाकवतात, वर काय अंथरतात, पाऊस आला तर पाणी कुठून शिरतं, चूल कुठल्या बाजूला मांडायची. वस्तीवरची मुलं प्रश्न विचारत होती आणि कोपीवरची उत्तरं देत होती. मी मधे बोलले नाही.

"मग त्यांच्या गावालाही दुष्काळ होता?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं. तिने वहीत गोल झोपडी काढली, आणि दाराशी एक लहान बाळ.

संध्याकाळी 5:00
शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मुलांना सोडायला कोप्यांवर जाते. आज तिची आई चुलीपुढे होती, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. मी विचारलं, "काय करायलात?" शब्द आपसूक बाहेर पडला, घरच्यासारखा. त्या वर पाहून हसल्या. "या बाई, बसा. तुमी कुणीकडच्या?" हिंगोली म्हटल्यावर त्यांनी चहाचं पातेलं चढवलं. उशीर झाला, तरी मी बसले.

रात्री 9:30
भीमा ओलांडून, न्हावरा मागे टाकून परत खोलीवर. मैत्रीण पाठ टाचण लिहितेय. पट्टा कधी पडेल, म्हणजे ऊसतोडणी कधी संपेल, हे मी सरांना विचारलं होतं. फेब्रुवारीअखेर, नाहीतर मार्चमध्ये, असं ते म्हणाले. म्हणजे हातात जेमतेम आठ आठवडे. त्यानंतर ट्रॅक्टर भरतील, कोप्या मोडतील आणि नऊ नावं पुन्हा आपल्या गावांच्या पटावर जातील. जाताना प्रत्येकाच्या हमी पत्रकावर 'वाचता येते' एवढं मला लिहायचं आहे, आणि ते खरं असायला हवं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचे तुकडे कापले. नऊ मुलं, प्रत्येकाच्या गावाचं नाव. सगळ्यात शेवटी तिचं कार्ड लिहिलं. उद्याचा शब्द 'कासार'. तीन अक्षरं, दोन काने. वेलांटी नाही, उकार नाही. तिला सोपा जाईल.