किलिमांजारोवर भात शिजेना!

दोस्तांनो, तुमच्या घरी चिन्नोर तांदळाचा भात किती वेळात शिजतो, ते आधी आईबाबांना विचारून या. आता तोच तांदूळ आणि तेच पातेलं घेऊन आपण आफ्रिकेतल्या टांझानिया देशात जाऊ. किलिमांजारो पर्वत, बराफू तळ, उंची ४,६७३ मीटर. स्टोव्ह पेटवला, पाणी खळखळा उकळलं, तांदूळ वैरले. बराच वेळ झाला, तरी दाणा टणकच! उकळी तर आली होती, मग अडलं कुठं?

अडलं हवेपाशी. आपल्या डोक्यावर हवेचा भलामोठा थर असतो आणि त्याचा दाब सगळ्यांवर पडतो, पातेल्यातल्या पाण्यावरसुद्धा. आपला भंडारा समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंच. इथं दाब भरपूर, म्हणून पाणी उकळायला जवळजवळ १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. बराफूवर दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळू लागतं. आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून गरम होत नाही. तिथं कुकरच हवा. तो वाफ कोंडून दाब वाढवतो.

आता तुमच्या छातीवर हात ठेवा आणि एक श्वास घ्या. किलिमांजारोच्या माथ्यावर, म्हणजे ५,८९५ मीटरवरच्या उहुरू शिखरावर, हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. हवेत ऑक्सिजनचा वाटा तिथंही २१ टक्केच. पण हवाच विरळ, म्हणून एका श्वासात ऑक्सिजन निम्मा येतो. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तरी उहुरू गाठायला साडेनऊशे मीटर कमी पडतात!

एवढ्या उंचीची तयारी भंडाऱ्यात बसून कशी करायची? पायांची तयारी इथं मस्त होते. तुमसर तालुक्यातल्या आंबागड किल्ल्याचा चढ आहे, गायमुखचे डोंगर आहेत, आणि धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून तोल सांभाळत चालणं आहेच. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली बॅग घ्यायची आणि नवे बूट महिना-दोन महिने आधीपासून घालून मऊ करायचे. पण विरळ हवेची सवय मात्र भंडाऱ्यात होत नाही, मुंबईतही होत नाही. आणि गंमत म्हणजे, रोज पळणारा तगडा खेळाडूसुद्धा उंचीच्या त्रासातून सुटेलच असं नाही. डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हे कोणालाही होऊ शकतं. म्हणजे सपाट धानपट्ट्यातलं पोर इथं कोणापेक्षा मागे नाही.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या चंद्रपूरचंच बघा ना. तिथला उन्हाळा कसा भाजून काढतो, तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून मे २०१८ मध्ये थेट एव्हरेस्टवर गेले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी शिखर गाठलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आधी त्यांनी दार्जिलिंग आणि लडाखमध्ये सराव केला होता. पाय घरी तयार होतात, विरळ हवेची सवय उंचावर जाऊनच होते.

निघण्याआधी एक टोचून घ्यायचं असतं: पिवळ्या तापाची लस. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून आयत्या वेळी धावपळ करून चालत नाही. मग वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, विदर्भ एक्सप्रेस पकडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. तिथून विमानानं अदिस अबाबा किंवा नैरोबी, पुढे दुसऱ्या विमानानं किलिमांजारो विमानतळ. घड्याळ अडीच तास मागे करायचं.

डोंगराच्या पायथ्याशी चग्गा लोकांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा. वर दाट पावसाळी जंगल, त्याच्या वर झुडपं, मग दगडांचं वाळवंट आणि शेवटी बर्फ. विषुववृत्त जेमतेम तीन अंशांवर, तरी बर्फ! कारण दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. मात्र १९१२ पासून इथला चार पंचमांशांहून जास्त बर्फ नाहीसा झाला आहे. उरलेला तुम्ही मोठे होईपर्यंत टिकावा, असं फार वाटतं.

बारांको तळाजवळ थांबायलाच हवं. तिथं जायंट ग्राउंडसेल नावाची झाडं माणसाहून कितीतरी उंच वाढतात. दिवसा कडक ऊन, रात्री पाणी गोठवणारी थंडी. झाड काय करतं? शेंड्यावरच्या जाड पानांचा गुच्छ रात्री मिटून घेतं आणि आतला कोवळा कोंब वाचवतं. वाळलेली पानं खाली टाकतच नाही, ती खोडाभोवती गोधडीसारखी लपेटून ठेवतं!

याच वाटेवर एक युक्ती चालते. आधी ४,६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं, आणि झोपायला पुन्हा चार हजारांच्या खाली यायचं. शरीराला विरळ हवेची चुणूक दाखवायची आणि विश्रांती थोड्या जाड हवेत द्यायची. वाटाडे सारखे ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, म्हणत राहतात. श्वास आपोआप जलद होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा तोल बिघडतो, आणि तो सावरायला मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून तंबूतून सारखं लघवीला उठावं लागतं! कटकट वाटते खरी, पण शरीर जुळवून घेतंय, त्याची ही खूण.

शेवटची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, कारण थंडीनं गोठलेला मुरूम पायाखाली कमी घसरतो. पाण्याची बाटली उलटी ठेवायची. पाणी वरून गोठतं, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं, पाय लटपटले, तर शिखर कितीही जवळ असो, लगेच खाली उतरायचं. यावर उतरण्याइतका चांगला उपाय नाही.

माथ्यावर फार वेळ थांबत नाहीत. चढायला पाच-सहा दिवस लागले, तरी उतरणं दीड-दोन दिवसांत होतं. खाली येताना दर तासाला हवा जाड होते आणि डोकं हलकं होतं. हाल होतात ते पायांच्या बोटांचे. प्रत्येक पावलाला ती बुटाच्या टोकावर आपटतात आणि वाढलेली नखं काळीनिळी पडतात. म्हणून बॅग भरताना नेलकटर विसरू नका, आणि उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी तो वापरा.