सतरा नंबरचा मुलूख

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या ग्रामीण पालिकांना नावाबरोबर नंबरही असतो. प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यातून एकपासून मोजणी सुरू होते आणि अमेरिकेच्या सीमेला धरून पश्चिमेकडे सरकते. सतरा नंबर व्हाल मारीचा. एरवी अशा पालिकेत सव्वातीनशे चौरस मैल जमीन असते. व्हाल मारी त्याच्या तिपटीहून मोठी, तीन हजार चौरस किलोमीटरच्या पुढची. एवढ्या पसाऱ्यात माणसं चारशेच्या आसपास. याच नावाचं एक छोटं खेडंही इथे आहे. त्याचा कारभार वेगळा चालतो, पण ग्रामीण पालिकेची कचेरी त्याच खेड्यात आहे. कारभाराचा प्रमुख ‘रीव्ह’ आणि त्याच्याबरोबर विभागवार निवडून आलेले सदस्य, बहुतेक शेतकरी किंवा गुरं पाळणारे. खडीचे रस्ते, पूल, तण, आगी, जमिनीचा कर हे त्यांच्यापुढचे रोजचे विषय.

हा मुलूख ओसाड आहे, असं नकाशा पाहणारा सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. फ्रेंचमन नदीच्या दोन्ही अंगांच्या माळांवर दगडांची वर्तुळं आजही दिसतात. कातडी तंबूंच्या कडा वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बायसनमागे फिरणाऱ्या लोकांनी मांडलेले ते दगड आहेत. १८७४ साली क्री, सोटो आणि असिनिबॉइन या मूळनिवासी समाजांच्या प्रमुखांशी सरकारचा ‘तह क्रमांक ४’ झाला, त्यात हा प्रदेश आला. पुढच्या थोड्याच वर्षांत बायसनचे कळप संपले आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांची उपासमार झाली. त्यानंतर जमीन मोजणाऱ्या साखळ्या इथे फिरल्या.

मोजणी मोठी काटेकोर होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे छत्तीस चौकोन. प्रत्येकाचे पुन्हा चार तुकडे, १६० एकरांचे. १८७२च्या कायद्यानुसार दहा डॉलर भरायचे, तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, थोडी जमीन नांगरायची, की तो तुकडा नावावर. रस्ते याच चौकोनांच्या कडांनी गेले. पण पृथ्वी गोल असल्यानं उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात, म्हणून दर २४ मैलांवर आखणी नव्यानं जुळवावी लागली. अशा ठिकाणी सरळ चाललेला रस्ता अचानक बाजूला सरकतो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. रात्री अनोळखी ड्रायव्हरनं इथे जपूनच गाडी चालवावी.

कागदावरच्या चौकोनांना पावसाचं गणित ठाऊक नव्हतं. १८५७ ते १८६० या काळात हा भाग पाहणाऱ्या जॉन पॅलिसरनं दक्षिण प्रेअरीचा मोठा त्रिकोण शेतीला कोरडा ठरवला होता. नंतर जॉन मॅकून हा वनस्पतिशास्त्रज्ञ चांगल्या पावसाच्या वर्षांत आला आणि त्यानं नेमकं उलट सांगितलं. सरकारला मॅकूनचं म्हणणं सोयीचं वाटलं. १९०८च्या कायद्यानं उरलेला कोरडा पट्टाही वसाहतीला खुला झाला. इथे वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, त्यात बर्फही आलं. १९३०च्या दशकात पाऊस हटला, नांगरलेली माती वाऱ्याबरोबर गेली आणि कुटुंबंच्या कुटुंबं उत्तरेकडे निघून गेली. १९३५ साली केंद्र सरकारनं प्रेअरीच्या पुनर्वसनासाठी खास यंत्रणा उभारली. उजाड शेतांत पुन्हा गवत पेरून सामाईक कुरणं तयार झाली.

नांगराखाली न आलेला माळ मात्र फार मोलाचा ठरला. उत्तर अमेरिकेतलं मिश्र गवताचं मूळ कुरण आता तुकड्यातुकड्यांनीच उरलं आहे, आणि त्यातला एक उत्तम तुकडा इथे आहे. गुरं पाळणाऱ्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या तो चरू दिला, उलटा केला नाही. माझ्या मते या घरांचं श्रेय कमी सांगितलं जातं. याच माळावरच्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानासाठी पहिला करार १९८१ साली झाला. जमीन जबरदस्तीनं घ्यायची नाही, विकायला तयार असेल त्याच्याकडूनच विकत घ्यायची, असं ठरल्यानं उद्यान हळूहळू वाढलं. कॅनडात काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग रानात फक्त याच भागात आढळतात. डिसेंबर २००५मध्ये एल्क आयलंड उद्यानातून ७१ बायसन आणले, आणि पुढच्या मे महिन्यात शतकाहून अधिक काळानंतर त्यांची पावलं या गवतात पडली. २००९मध्ये काळ्या पायांची फेरेटही सोडली, पण ती टिकली नाहीत.

माणसं विरळ असली की डॉक्टरही परवडत नाही. एकट्या घराला ते झेपत नाही, म्हणून सस्कॅचेवानच्या ग्रामीण पालिका पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनच करातून डॉक्टरला पगार देऊ लागल्या. व्हाल मारीच्या उत्तरेला पिटव्हिल नावाची अशीच एक पालिका आहे. तिचा सचिव विल्यम बुराक यानं नैर्ऋत्य भागातल्या पालिकांना पत्रं लिहून, सभा घेऊन एकत्र आणलं. लोकांनी मतदान करून मान्यता दिली आणि १ जुलै १९४६ रोजी स्विफ्ट करंट आरोग्य विभाग सुरू झाला. सर्वांसाठी डॉक्टर आणि रुग्णालय अशी सोय उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा इथे झाली, आणि तिच्यासाठीचा पैसा पालिकाच गोळा करत. सगळ्या प्रांताला डॉक्टरांचा विमा मिळाला तो १९६२ साली, आणि देशाला त्यानंतर. कॅनडाच्या आरोग्यसेवेची गोष्ट सांगताना प्रांताचे प्रीमियर राहिलेले टॉमी डग्लस यांचं नाव निघतं, ते रास्तच आहे. बुराकचं नावही तितक्याच आदरानं घ्यायला हवं.

व्हाल मारीचं नाव बाहेर पोहोचवणारा माणूस म्हणजे ब्रायन ट्रॉटिये. १९५६ साली जन्मलेला, मेटी वंशाचा हा आइस हॉकीपटू खेळाडू म्हणून सहा स्टॅन्ली कप जिंकला. खेड्यातल्या १९२७ सालच्या विटांच्या शाळेत आता संग्रहालय आहे. गावाच्या कडेचं लाकडी धान्यकोठार, ज्याला सगळे ‘एलिव्हेटर’ म्हणतात, तेही गावकऱ्यांनी जपलं आहे. प्रेअरीवर अशी कोठारं शेकड्यांनी पाडली गेली, तेव्हा हे राखणं सोपं नव्हतं.

स्विफ्ट करंटहून चार नंबरच्या हमरस्त्यानं दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास गेलं की गाव लागतं. पेट्रोल भरूनच निघावं. २००९पासून उद्यान ‘अंधाररक्षित क्षेत्र’ आहे, तेव्हा तारे पाहायला एक रात्र हाताशी ठेवावी. पावसानंतर मातीच्या रस्त्यावर मात्र उतरू नये: इथली चिकणमाती, ‘गंबो’, चाकांना लपेटून गाडी जागीच अडकवते, आणि मदतीला येणारा ट्रॅक्टर पुष्कळ मैलांवरून यायचा असतो.