कला, विज्ञान आणि माध्यमे : धुक्यासाठी धरलेला हट्ट

कलावंत आणि वैज्ञानिक यांना एकत्र बसवणारे प्रकल्प आता जगभर चालतात. युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत शिल्पकार मुक्कामाला असतात, विद्यापीठांच्या जीवशास्त्र विभागांत चित्रकारांसाठी टेबल राखून ठेवलेले असते.  पण एक प्रश्न अडचणीचा आहे. या सहकार्यातून विज्ञानाला आणि तंत्राला नेमके मिळते काय? याचे उत्तर बहुधा फार सैलपणे दिले जाते. कलेमुळे विज्ञान लोकांपर्यंत पोचते, विज्ञानामुळे कलेला नवे विषय मिळतात, असे सांगितले जाते. हे खोटे नाही, पण एवढ्यावरून कसदार प्रकल्प कोणता आणि पोकळ कोणता हे ओळखता येत नाही. माझ्या मते तो फरक कलावंताच्या मागणीत असतो. तंत्रज्ञाच्या धंद्यातले दुसरे कोणीही कधी करणार नाही, आणि ‘जवळपास तसेच’ काहीतरी देऊन जिची बोळवण होणार नाही, अशी मागणी त्याने समोर ठेवली आहे का? ती असेल तर दोघांचेही काम बदलते. नसेल तर सजावट उरते, मग ती कितीही देखणी असो.

१९७० साली जपानमध्ये ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यातले पेप्सी कंपनीचे दालन घडवण्याचे काम ‘एक्स्परिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ या न्यूयॉर्कच्या संस्थेकडे आले होते. तिला सगळे ‘ई.ए.टी.’ म्हणत. दालनाची पांढरी, कोनाकोनांची घुमटाकार इमारत कशी असावी हे आधीच ठरून गेले होते, आणि कलावंतांना ती मुळीच आवडली नव्हती. तेव्हा ती ढगातच बुडवून टाकावी अशी कल्पना निघाली. हा ढग तयार करण्याची जबाबदारी फुजिको नाकाया या जपानी चित्रकर्तीने घेतली. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया हे भौतिकशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत हिमाचा स्फटिक प्रथम त्यांनीच वाढवला, १९३६ साली. फुजिको नाकाया यांनी कॅलिफोर्नियातले ढगांचे अभ्यासक टॉम मी यांना गाठले. मी यांच्याकडे धुके करण्याची पद्धत होती, पण ती रसायनांची. रंगभूमीवर कोरड्या बर्फाचा धूरही सर्रास वापरला जाई. नाकाया यांनी दोन्ही नाकारले. त्यांना निव्वळ पाण्याचे धुके हवे होते. माणसाला त्यात शिरून मोकळा श्वास घेता यावा, अंगाला ओल लागावी, आणि वारा-ऊन बदलेल तसे धुक्यानेही बदलावे, ही त्यांची अट होती. मी यांना नव्याने विचार करावा लागला. प्रचंड दाबाखालचे पाणी अतिसूक्ष्म छिद्रातून सोडायचे, ते समोरच्या बारीक सुईवर आपटवायचे, म्हणजे त्याचे इतके लहान थेंब होतात की ते खाली न पडता तरंगत राहतात. अशी अडीच हजारांहून अधिक नोझल दालनाच्या छपरावर बसली आणि इमारत दिसेनाशी झाली.

मी यांच्या कंपनीने पुढे हेच तंत्र विकले. हरितगृहांत ओलावा राखायला, थंडीत पिके वाचवायला, वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनमध्ये शिरणारी हवा गार करायला ते वापरले गेले. आपल्याकडच्या पॉलिहाऊसमध्ये फॉगर लावणाऱ्या शेतकऱ्याला त्यामागचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. पण ही पुढची विक्री माझ्या म्हणण्याचा पुरावा नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की फळबागेच्या मालकाने श्वास घेता येईल असे धुके मागितलेच नसते. त्याला गारठ्यापासून झाडे वाचवायची होती आणि स्वस्तात वाचवायची होती. श्वास घेण्याजोगे, वाऱ्यावर वळणारे धुके मागायला धुक्याकडे धुके म्हणून पाहणारे कोणीतरी लागते. नाकाया तशा होत्या. त्या पुढे कित्येक दशके धुक्याचीच शिल्पे करत राहिल्या; स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगनहाइम संग्रहालयाबाहेरही त्यांचे धुके आहे.

ई.ए.टी. ही संस्था मुळात निघाली ती एका अभियंत्याच्या ओढीतून. बिली क्लुव्हर स्वीडनमध्ये वाढले, अमेरिकेत डॉक्टरेट करून १९५८ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये लागले. १९६० साली त्यांनी शिल्पकार ज्याँ टिंगेली यांना, स्वतःचाच नाश करणारे एक यंत्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात उभारायला मदत केली. पुढे चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी हवेत तरंगणारा विजेचा दिवा मागितला. क्लुव्हर यांनी हिशेब करून सांगितले, की बॅटरीचे वजन पाहता हे होणार नाही. पण शोधाशोधीत एक चंदेरी, हलके, उष्णतेने सांधता येणारे प्लास्टिक त्यांच्या हाती आले, आणि वॉरहॉल यांनी त्यात हेलियम भरून रुपेरी ढगच केले. ‘होणार नाही’ या उत्तरापाशी न थांबता दोघे दुसरीकडे वळले, आणि त्यातून जे घडले ते आधी दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात नव्हते.

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या लष्करी कवायत सभागृहात क्लुव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी ‘नाइन इव्हनिंग्ज’ हा कार्यक्रम घडवला. दहा कलावंत, बेल लॅबोरेटरीजमधले सुमारे तीस अभियंते. राउशेनबर्ग यांनी टेनिसचा सामना लावला. रॅकेटच्या मुठीत बिनतारी प्रक्षेपक होता; चेंडू लागला की सभागृहभर घणाघाती नाद घुमे आणि वरचा एक दिवा विझे. सगळे दिवे विझल्यावर पूर्ण अंधारात शेकडो माणसे आत आली, आणि प्रेक्षकांना ती फक्त अवरक्त कॅमेऱ्यांमुळे पडद्यांवर दिसत होती. संगीतकार जॉन केज यांनी तर टेलिफोनच्या तारा शहरातल्या ठिकठिकाणी उघड्या ठेवल्या, उपाहारगृहात, वीजकेंद्रात, वृत्तपत्राच्या छापखान्यात, आणि तिथले आवाज थेट सभागृहात ओतले.

इथे पहिला आक्षेप समोर येतो, आणि तो हलका नाही. हा कार्यक्रम फसला, असे तेव्हाच म्हटले गेले. यंत्रे अडली, प्रेक्षक ताटकळले, वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी झोडपून काढले. मग एवढे शहाणे अभियंते महिनोन् महिने राबवून साधले काय? मला वाटते, या टीकेचे माप चुकीचे आहे. नाटकाच्या प्रयोगाला लावायचा निकष ती एका चाचणीला लावते. रॅकेटच्या मुठीत मावेल एवढा प्रक्षेपक आणि अंधारातल्या गर्दीचे थेट चित्रण या गोष्टी त्या काळी दुकानात मिळत नव्हत्या. त्या अडल्या, म्हणून त्या कशा अडतात हे कळले. आणि कार्यक्रम संपल्यावर लगेचच ई.ए.टी.ची स्थापना झाली, हेही विसरू नये. सहभागी माणसांना आपण हरलो असे वाटले असते तर त्यांनी कायमची संस्था काढली नसती. काही वर्षांतच तिच्या यादीत हजारो कलावंत आणि अभियंते होते.

त्या संस्थेने १९६८ साली एक स्पर्धा ठेवली आणि तिचे बक्षीस कलावंताला न देता अभियंत्याला द्यायचे ठरवले. परीक्षकही तांत्रिक क्षेत्रातले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण श्रेय कोणाला यावरच असली भागीदारी बहुतेक वेळा मोडते. पहिले बक्षीस मिळालेल्या कृतीत काचेच्या पेटीत लाल रंगाची अतिशय हलकी पूड होती आणि प्रेक्षकाच्या हृदयाच्या ठोक्यांनी ती उसळत असे. कल्पना ज्याँ द्युपुई या चित्रकाराची, पण बक्षीस गेले राल्फ मार्टेल या अभियंत्याकडे. आजही अनेक प्रदर्शनांत अभियंत्याचे नाव ‘तांत्रिक साहाय्य’ या मथळ्याखाली, बारीक अक्षरांत, शेवटी येते. असा सहकारी पुढच्या वेळी दिलेले काम निमूट करून देतो. ‘हे जमणार नाही, पण असे करून पाहू’ हे म्हणण्याची त्याला गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप वैज्ञानिकांकडून येतो. नोझल, दिवे, प्रक्षेपक हे सगळे तंत्र झाले. ज्ञानात कुठे भर पडली? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर अलीकडचे आहे, आणि ते व्यावसायिक सिनेमातून आले आहे. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटासाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि ‘डबल निगेटिव्ह’ या लंडनच्या कंपनीतले दृश्यतंत्रज्ञ यांनी वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराचे चित्र समीकरणांवरून काढले. आयमॅक्सच्या महाकाय पडद्यावर तारे लुकलुकता कामा नयेत ही दिग्दर्शनाची गरज होती. प्रकाशाचा एकेक किरण मोजण्याची रूढ रीत तिथे अपुरी पडली. म्हणून त्यांनी किरणांच्या जुड्या मोजणारी नवी पद्धत लिहिली, आणि त्याच पद्धतीने कृष्णविवराच्या अगदी जवळून पाहताना एका ताऱ्याच्या किती आणि कशा प्रतिमा दिसतील याचा शोध घेता आला. २०१५ साली त्यावर शास्त्रीय नियतकालिकात निबंध आला. त्या निबंधातली मला आवडणारी गोष्ट निराळीच आहे. चित्रपटात सत्याला कुठे मुरड घातली तेही त्यात मोकळेपणाने नोंदवले आहे. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक उजळ आणि दूर जाणारी अंधुक दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शकाने ते काढून टाकले. २०१९ साली एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या कड्याची एक बाजू स्पष्टच अधिक तेजस्वी होती. म्हणजे कलेने इथे विज्ञानाला काही दिले आणि त्याच्याकडून एक सूटही घेतली. दोन्हींची नोंद झाली, म्हणून मी या कामाला प्रामाणिक म्हणतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. हे प्रकल्प कोणाच्या पैशावर चालतात? १९६७ ते १९७१ दरम्यान लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाने कलावंतांना मोठ्या उद्योगांमध्ये नेमण्याची योजना चालवली. त्यात लॉकहीडसारखी लढाऊ विमाने बनवणारी कंपनी आणि रँडसारखी लष्करी धोरणांचा अभ्यास करणारी संस्था होती, आणि तेव्हा व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते. १९७१ च्या प्रदर्शनातले सगळे कलावंत पुरुष होते; शहरातल्या स्त्री-कलावंतांनी त्याचा उघड निषेध केला. ओसाकातही खर्चावरून वाद झाला आणि पेप्सीने दालनातल्या कार्यक्रमांचा ताबा ई.ए.टी.कडून काढून घेतला. कला निर्मळ असते असे म्हणून यातले काहीच झाकता येत नाही. पैसे देणाऱ्याच्या हाती निर्णय असतील तर कलावंताचा हट्ट त्याच्या सोयीपुरताच चालतो. पण त्याच लॉस एंजेलिसच्या योजनेत जेम्स टरेल आणि रॉबर्ट अर्विन हे कलावंत एड वॉर्ट्झ या मानसशास्त्रज्ञाबरोबर निःशब्द खोलीत आणि रंगाचे एकच क्षेत्र दिसेल अशा अवकाशात दृष्टीचे प्रयोग करत होते. प्रदर्शनात ठेवता येईल अशी एकही वस्तू त्यातून निघाली नाही. तरी टरेल यांची पुढची सारी प्रकाशशिल्पे त्या प्रयोगांच्या पायावर उभी आहेत, आणि वॉर्ट्झ यांनीही पुढे उद्योगक्षेत्र सोडून मनोपचाराची वाट धरली. प्रायोजकाला दाखवायला काही निघाले नाही, म्हणूनच कदाचित ते काम शाबूत राहिले.

ई.ए.टी.चा भारताशी आलेला संबंध याच प्रश्नाला वेगळे वळण देतो. उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याची योजना विक्रम साराभाई आखत होते, त्या काळात, १९६९ साली, या संस्थेचा गट गुजरातमध्ये आला. आणंदच्या दूधसंघातल्या, म्हशी सांभाळणाऱ्या बायांसाठी कार्यक्रम कसे करावेत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी सुचवले, की हलके व्हिडिओ कॅमेरे गावातच द्यावेत आणि चित्रण गावकऱ्यांनीच करावे. ती सूचना तशीच्या तशी अमलात आली नाही. पण १९७५ पासून खेडा जिल्ह्यात पीज गावच्या प्रक्षेपकावरून जे दूरचित्रवाणीचे काम झाले, त्यात गावकऱ्यांचा सहभाग हाच गाभा होता आणि १९८४ साली त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. कलावंताची मागणी सुंदर वस्तूपुरतीच असते असे नाही, हे त्या सूचनेवरून कळते. कॅमेरा कोणाच्या हाती असावा, हीसुद्धा रूपाचीच मागणी आहे.

आता शेवटचा आक्षेप, आजचा. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याला अभियंता हवाच कशाला? प्रतिमा, आवाज, हालचाल यांची आज्ञावली तयार मिळते. खरे आहे, पण तयार आज्ञावली कधी ‘हे जमणार नाही’ असे म्हणत नाही. तिच्यात जे आहे त्यातून निवडायला लावते, आणि आपली मागणी कधी वाकली हे कलावंताला कळतही नाही. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ ते १९७२ या काळात चालवलेली ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ आठवावी. नेहरू फेलोशिपच्या पैशांतून त्यांनी चित्रकार, चित्रपटकार, छायाचित्रकार, एक मनोविश्लेषकही एकत्र आणले. ‘सिझिजी’ या अकरा मिनिटांच्या चित्रपटात रेषांनी अंकांच्या नियमाप्रमाणे हलावे अशी त्यांची मागणी होती. संगणक नव्हता. हाताने काढलेल्या सुमारे हजार रेखाटनांना राम मोहन यांनी चलत्‌चित्राचे रूप दिले. आज हे काम दुपारभरात होईल, पण नियम कोणता असावा हा प्रश्न तेव्हा होता तसाच राहील, आणि त्यावर वाद घालायला समोर माणूस लागेल.

पदमसींची कार्यशाळा तीन वर्षे टिकली. नाकाया आणि मी यांचे नाते त्याहून कितीतरी लांबले. आपल्या संस्था आज कलावंतांना वैज्ञानिकांकडे पाठवतात ते बहुधा काही आठवड्यांसाठी, आणि शेवटी प्रदर्शन झालेच पाहिजे या अटीवर. एवढ्या मुदतीत मागणी नीट मांडूनही होत नाही, मग ती नाकारली जाऊन पुन्हा दुसऱ्या रूपात उभी राहणे दूरच. मुदत निदान वर्षाची करावी, प्रदर्शनाची अट काढावी आणि अभियंत्याचे नाव पहिल्या ओळीत छापावे. तिसऱ्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही.