पुढच्या खंडाची वाट

आवडत्या ऐतिहासिक कादंबरीचा पुढचा भाग कधी निघतो, म्हणून डोळे लावून बसणारे वाचक घरोघरी असतात. नाथमाधवांच्या स्वराज्यमालेची गोडी अशीच, भागामागून भाग वाढत गेली. आम्हा शाहूपुरीकरांना मात्र ही ओढ एका चरित्राची.

चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढे काय, हे लेखकालाही ठाऊक नव्हते!

खैरमोडे सातारा जिल्ह्यातील पाचवडचे. बाबासाहेबांच्या सहवासात राहून त्यांनी पत्रे, कात्रणे, आठवणी जमवल्या. १९७१ साली ते गेले तेव्हा काही खंड निघायचेच होते. पत्नी द्वारकाबाई मागे उभ्या राहिल्या आणि उरलेले खंड वाचकांच्या हाती आले. कादंबरीचा पुढचा भाग कल्पनेच्या बळावर दुसराही लिहील. चरित्राला मात्र कागदाचा पुरावा लागतो.

आमच्या पेठेला ज्यांचे नाव, त्या शाहू महाराजांनी मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे जाहीर सांगितले. तिथे गेलेल्यांची नातवंडे, पतवंडे आज आपल्यातच आहेत. आजोबांचे पत्र, परिषदेची पत्रिका, जुना फोटो सापडला तर रद्दीत घालू नका. फोटोमागे नाव, गाव, साल लिहा. थोरल्यांच्या आठवणी वहीत उतरवा.

पुढचा खंड कुणीतरी लिहील. त्याला लागणारा कागद कदाचित आपल्याच ट्रंकेत असेल.